ढेकूळ ज्याच्या हाती

नव्या गावात बदलून गेलं की लोक मास्तरला तीन गोष्टी विचारतात. गाव कोणतं, आडनाव काय आणि मुलंबाळं किती. उकर्डाजींनी यातलं काहीच विचारलं नाही. शाळेच्या ओट्यावर माझी वळकटी अजून सुटायची होती, तेवढ्यात एक उंच, हाडकुळा माणूस समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडची माती कशी हाये?"

मी धामणगाव बढ्याचा. वडिलांचं किराणा दुकान. माती मी पाहिली होती ती फक्त चपलेखालची. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बरी आहे."

"बरी? मंधात आजारी होती काय?"

हा माणूस थट्टा करतोय की खरंच काळजीनं विचारतोय, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे तीन वर्षं त्या गावात काढली, तरी नीटसं कळलं नाहीच.

गाव जानेफळपासून पायी तासाभराच्या वाटेवर होतं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. पंचायत समिती, विस्तार अधिकारी, परिपत्रक हे शब्द नव्या चपलेसारखे गावाला अजून चावत होते. गाव एका लांब उतारावर वसलेलं, वर मुरमाड बरड, खाली नाला आणि नाल्याकाठी काळी जमीन. दर पावसाळ्यात वरची माती निघे आणि नाल्यानं चालू लागे. बाकीचे लोक तिकडे पाहून चुकचुकत. उकर्डाजी मात्र नाल्याकाठी उभे राहून, गेलेल्या मातीत कोणाचा किती वाटा आहे ते मोठ्यानं सांगत. "हे लाल पाणी सुदामरावचं. हे काळं पाटलाचं. पाटील, तुमची तूर चालली पाहा पैनगंगेले."

नावाबद्दल सांगायला हवं. उकर्डा म्हणजे उकिरडा. वऱ्हाडात हे नाव असतं. आधीची मुलं जगली नाहीत की नव्या बाळाला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं आणि तेच नाव द्यायचं, म्हणजे मरण त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही अशी समजूत. मी पाहिलेले इतर उकर्डे नावाला लाजत, चारचौघांत नुसतं आडनाव सांगत. आमच्या उकर्डाजींनी नाव पदवीसारखं मिरवलं. "बाकीच्याईची नावं देवाची हायेत," ते म्हणत, "माह्यं खताचं हाये. पिकाले कोण लागते ते तुमीच सांगा."

धोतराच्या सोग्याला त्यांची कायम एक गाठ असे. लोक तिथे तंबाखू बांधतात, यांची माती. कुठेही गेले की तिथली चिमूटभर घेऊन यायचे, वासावरून गाव सांगायचे. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला त्यांना वडीलधारे म्हणून सुलतानपूरकडे पाठवलं. संध्याकाळी परत आले ते खूश होऊनच. घरातल्या बायांनी घेरलं, कशी आहे, काय आहे. "झकास," उकर्डाजी म्हणाले, "हातभर खोल काळी. पाणी बी जवळ." वहिनींनी विचारलं, नाकीडोळी कशी आहे. तेव्हा यांच्या लक्षात आलं की मुलगी पाहायची राहिलीच. लग्न झालं, संसारही चांगला चालला. त्याचं श्रेय मात्र उकर्डाजी शेवटपर्यंत त्या मातीला देत राहिले.

आता त्या बैठकीची गोष्ट. पंचायत समितीकडून ग्रामपंचायतीला पत्र आलं की येत्या सोमवारी बंडिंगबाबत सभा असून सर्व खातेदारांनी हजर राहावं. बंडिंग म्हणजे उतारावर आडवे मातीचे बांध घालणं, हे विस्तार अधिकारी साहेबांना ठाऊक. आमच्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी. कोतवालानं पत्र ऐकलं आणि गावभर दवंडी दिली, "सोमवारी बंडीची सभा हाये हो, सगळ्याईनं या."

गावात दोन तट पडले. अर्ध्यांचं म्हणणं, सरकार नव्या बंड्या वाटून राह्यलं. अर्ध्यांचं म्हणणं, रस्त्याच्या कामाला आपल्या बंड्या ओढून नेणार. सोमवारी साहेबांची जीप आली तेव्हा चावडीपुढे जिल्ह्यातल्या सर्वांत मोडक्या बंड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. कोणाची साटी मोडलेली, कोणाचं जू दोरीनं बांधलेलं. ज्यांना जप्तीची भीती होती त्यांनी तर चाकंच काढून कडब्यात लपवली होती आणि स्वतः तोंड पाडून, आमच्याकडे बंडीच नाही असं सांगायला आले होते. एकटे उकर्डाजी धडधाकट बंडी घेऊन आले होते, तीही शेणखतानं काठोकाठ भरून. रिकाम्या बंडीबद्दल बोलण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत.

साहेब तरुण होते, भले होते आणि पुण्याकडचे होते. त्यांनी खडूनं फळ्यावर उतार काढला, रेघा काढल्या आणि बंडिंग हे मातीचं असतं असं समजावलं.

मग एक म्हातारे हळूच म्हणाले, "मातीची बंडी? पाण्यात टिकन काय?"

साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बरंच ऊन वर आलं. शेवटी उकर्डाजी उठले. "अरे, साहेब म्हणते, उतारावरून पाणी माती घेऊन पळून राह्यलं. त्याच्या आडवं पडा. झालं." सगळ्यांनी मान डोलावली. हे सांगायला जीप काऊन आणली, असंही कोणी म्हणालं. साहेबांनी हायसं वाटून त्याच जागी 'भूसंवर्धन चर्चा मंडळ' स्थापन केलं, उकर्डाजींना अध्यक्ष नेमलं आणि गावात अक्षर बरं असलेला दुसरा कोणी नसल्यामुळे मला चिटणीस. इतिवृत्त दरमहा तीन प्रतींत पाठवायचं होतं.

ते नाव उकर्डाजींच्या जिभेवर कधी बसलं नाही. ते 'मातीची बैठक' म्हणायचे आणि गावही तेच म्हणू लागलं. पहिली बैठक पारावर झाली आणि मोडली. पारावर कोण बसणार, पायरीवर कोण आणि खाली कोण हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. वर बसलेले बोलत होते, खालचे ऐकत होते. सुदामराव तर पारापासून दहा हात लांब उभे होते. बौद्ध झाल्यापासून त्यांनी खाली बसणं सोडलं होतं आणि वर कोणी बोलावत नव्हतं. उकर्डाजींनी हे सगळं डोळे बारीक करून पाहिलं आणि जाहीर केलं की पुढची बैठक आपल्या खळ्यात. त्याचं कारणही त्यांनी मातीचंच दिलं. पारावर फरशी आहे, फरशीवर बसून मातीचं काय बोलणार.

खळं गोल असतं. गोलात पहिला कोण आणि शेवटचा कोण ते सांगता येत नाही. दर शनिवारी दिवस कलला की माणसं तिथे जमू लागली. पण सगळे एकदम बोलायचे, त्यामुळे मला कोणाचंच लिहिता येईना. यावर उकर्डाजींनी कायदा काढला. हाताच्या मुठीएवढं ओलसर ढेकूळ आणायचं, ते ज्याच्या हाती तोच बोलणार. बाकीच्यांनी तोंड मिटायचं. ढेकूळ फुटलं की बैठक संपली.

हा कायदा किती शहाणपणाचा होता ते मला हळूहळू कळलं. बोलताना माणूस ढेकूळ कुरतडतो. खोटं बोलणारा जास्त कुरतडतो, रागावलेला मुठीत दाबतो. एकदा शेषराव पाटलांनी घरून स्वतःच्या शेतातलं वाळलेलं ढेकूळ आणलं, दगडासारखं. त्या दिवशी पाटील एकटेच बोलले. दिवस मावळला, गुरं परतली, ढेकूळ फुटेना. तेव्हापासून कायद्यात 'ओलसर' या शब्दाखाली मी लाल रेघ मारली.

याच पाटलांमुळे एकदा बैठक थांबली. ढेकूळ सुदामरावांकडे होतं. सुदामराव आधीचे चार शनिवार काही न बोलता ते पुढे सरकवत आले होते. त्या दिवशी प्रथमच बोलले, की माझ्या दोन एकर बरडात आता नांगराला नुसता दगड लागतो, पोरं दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातात. बोलून झालं आणि त्यांनी ढेकूळ शेजारी पाटलांपुढे धरलं. पाटलांनी हात पुढे केला नाही. डोळ्यांनीच जमिनीकडे खुणावलं, खाली ठेव.

मी मान खाली घालून कागदाकडे पाहत राहिलो, हे आज सांगताना लाज वाटते.

"पाटील," उकर्डाजी अगदी साध्या आवाजात म्हणाले, "खाली ठेवलं त फुटन. फुटलं त बैठक संपली. अन्‌ तुमचं त बोलाचं राह्यलं हाये."

पाटलांच्या तोंडावर दोन गोष्टींची कुस्ती चाललेली दिसली. गप्प बसणं हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं. शेवटी त्यांनी ढेकूळ हातातून हातात घेतलं आणि पुढची वीस मिनिटं उसावर बोलले, जो आमच्या गावात होत नव्हता.

मंडळाच्या इतिवृत्तावर वरून शेरा येई, 'निर्णय काय झाला ते कळवावे.' मी उकर्डाजींना दाखवी. "निर्णय कराले पंचायत हाये. आपण बोलाले बसतो. लिहा, बोलणं झालं." मी तसं लिही. पुढच्या महिन्यात शेरा येई, 'कोणते?' असं वर्षभर चाललं. या काळात उकर्डाजींचं एक वाक्य गावभर झालं. धुऱ्यावरून भांडण निघालं, म्हणजे बांध माझ्यात घालायचा की तुझ्यात यावरून, की ते म्हणत, "पाण्याले सर्वे नंबर वाचता येत नाई." धुरा ही आमच्याकडे दोन शेतांमधली हद्द, आणि हद्दीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले. पण या एका वाक्यानं अनेक जण विरघळले. पाटलांनीसुद्धा बांधाला जागा द्यायचं कबूल केलं.

मग माघात मोजणीचे दुर्बीणवाले आले. तीन दिवस उतारावर झेंड्या रोवल्या. चौथ्या दिवशी नकाशा घेऊन साहेब खळ्यात आले. सगळे बांध बसत होते. फक्त वरचं जादा पाणी नाल्यात सोडायला एक रुंद सांडवा हवा होता आणि तो एकाच जागी होऊ शकत होता. साहेबांनी बोट ठेवलं ती उकर्डाजींची नाल्याकाठची पट्टी होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या तरच काम, नाहीतर यंत्रणा पलीकडच्या गावी जाणार, हेही त्यांनी सांगितलं.

उकर्डाजींच्या हातात ढेकूळ होतं. ते त्यांनी शेजाऱ्याकडे दिलं आणि उठून घरी गेले.

त्या शनिवारी निरोप आला, अध्यक्षांना ताप आहे. पुढच्या शनिवारीही ताप. गाव आधी काळजीत पडलं, मग हसू लागलं. पाण्याला वाचता येतं बरं का, असं पोरंटोरंही म्हणू लागली. मला राग आला होता. दुसऱ्यांच्या शेतांवरून इतकं गोड बोलणारा माणूस स्वतःच्या पट्टीवर आला की गोधडीत शिरतो, हे मला पटेना. साहेबांनी महिनाभराची मुदत दिली होती आणि ती सरत चालली होती.

तिसऱ्या शनिवारी खळ्यात पार्बताबाई आल्या, उकर्डाजींच्या बायको. बाया या बैठकीला काठावर बसत, आत कोणी येत नसे. त्या सरळ आत आल्या आणि पाटलांसमोर हात पसरला. पाटलांनी गोंधळून ढेकूळ त्यांच्या हातावर ठेवलं.

"त्याईले ताप नाई," पार्बताबाई म्हणाल्या. "म्या हात लावून पाह्यला. थंडगार हायेत. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या. त्याईले धुरा चढला हाये."

खळ्यात हशा उसळला. बाई थांबल्या. हसू ओसरू दिलं.

"हासून घ्या. पण तुमची शेतं तुमाले बापाकून भेटली. आमची ते पट्टी नुसता दगड होता. नाल्यातला गाळ टोपल्यानं उचलून तिथं टाकला. वीस उन्हाळे. त्याईच्या डोक्यावर एक टोपलं, माह्या डोक्यावर एक." त्यांनी पदर मागे सारला. टाळूवर बांगडीएवढी जागा केस नसलेली, गुळगुळीत होती. "हे इथं गेले. देऊ नका असं माह्यं म्हणणं नाई. द्यालेच पाह्यजे. पण देणं सोपं हाये असं कोणी बोलू नका. गुरुजी, तुमी बी लिहू नका. ते माणूस आजारी नाई, त्याईच्या जिवाले लागलं हाये."

ढेकूळ जसंच्या तसं होतं. एक कणही कुरतडला गेला नव्हता. बाईंनी ते पाटलांना परत दिलं आणि घरी स्वैपाकाला गेल्या. पाटील त्या दिवशी काही बोलले नाहीत. हे मी इतिवृत्तात मुद्दाम नोंदवलं. माझा राग उतरला होता आणि त्याची जागा शरमेनं घेतली होती.

चौथ्या शनिवारी मुदत संपत आली म्हणून साहेबही आले. उकर्डाजी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. दाढी वाढलेली. ढेकूळ घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, लिहा. अध्यक्षाले तीन आठवडे ताप नव्हता."

"नसलेला ताप कसा लिहू?"

"जसा असलेला लिहिला तसा." मग ते सगळ्यांकडे वळले. "मी तुमाले सांगत होतो, पाण्याले सर्वे नंबर वाचता येत नाई. आता पाणी माह्याच पट्टीत आलं, त मले वाटलं, याले दोन अक्षरं येत असती त किती बरं झालं असतं." कोणी हसलं नाही. "सही देतो. पण जमिनीची देतो. मातीची नाई."

साहेब बुचकळ्यात पडले. "म्हणजे?"

"तुमच्या कागदात जमीन लिहिली हाये. माती कुठी लिहिली हाये? जमीन घ्या. माती आमी उचलतो. पाण्यात जाऊ देत नाई."

"उचलून ठेवणार कुठे?"

उकर्डाजींचं दुसरं शेत गावाच्या पार पलीकडे, तेही काळं, मातीनं आधीच तुडुंब. त्यांनी खळ्यात नजर फिरवली. पट्टीला लागून, धुऱ्याच्या पलीकडे, सुदामरावांचं दोन एकर बरड होतं.

"सुदामराव, तुमच्यात टाकू काय?"

सुदामरावांना आयुष्यात फुकट काही मिळालं नव्हतं. त्यांनी सावधपणे विचारलं, "टाकसान, अन्‌ मंग कधी परत मागसान?"

"नाई मागत. गुरुजी, हे बी लिहा."

मी लिहिलं. मंडळाच्या इतिवृत्तात पहिल्यांदाच एक निर्णय होता, आणि तो वर कोणाला कळेल अशी मला आशा नव्हती. शेरा आला, 'माती हस्तांतरणाचा विहित नमुना जोडावा.' असा नमुना नव्हता. मी पत्र फायलीला लावलं आणि गप्प बसलो.

चैत्रात गाव पट्टीत उतरलं. धुऱ्यावर रांग लागली, टोपली हातातून हातात जाऊ लागली. पाटील रांगेत होते, सुदामरावांच्या शेजारी, आणि अखंड बोलत होते. उकर्डाजी बरडावर उभे राहून कुठे किती पसरायचं ते सांगत होते आणि कोणी मूठभर सांडली की ओरडत होते. आठवडा लागला. शेवटी पट्टीचा तळ उघडा पडला, पांढरा, दगडी. पार्बताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आलो तवा असंच होतं," आणि टोपली उचलून घरी गेल्या. वैशाखात बांध झाले, सांडवा झाला.

शाळा उघडायच्या सुमाराला माझ्या बदलीचा हुकूम आला. दोन सरी पडून गेल्या होत्या. निघायच्या सकाळी उकर्डाजींचा निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो, तर ते शेतात. नाल्याकडे गेलो. सुदामराव आपल्या रानात वखर चालवत होते. उकर्डाजी धुऱ्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला, सांडव्याच्या दगडावर उभे होते. मी हाक मारणार होतो, पण त्यांचं लक्ष पलीकडे होतं.

"सुदामराव," ते म्हणाले, "हात लावू काय?"

सुदामरावांनी बैल थांबवले. मग हळू म्हणाले, "लावा की. तुमचीच हाये, उकर्डाजी."

"माह्यी कशाची. तुमची हाये म्हून त इचारलं."

आणि धुरा ओलांडून त्या माणसानं वाकून मूठभर माती घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मला पुढचं धूसर दिसू लागलं, ते डोळ्यांत पाणी आल्यामुळे. लपवून काय करू.

"मूग टाका," उकर्डाजी डोळे न उघडताच म्हणाले.

"तूर टाकीन."

"मूग."

"माती माह्यी हाये ना?"

उकर्डाजींनी मूठ जपून जागच्या जागी उघडली, तळहातही तिथेच झटकला आणि धुऱ्याच्या अलीकडे परत आले. "हाव," ते म्हणाले, "तुमचीच हाये. तूर टाका."